ब्रेक मागे, उजेड पुढे

अंगणातला प्रकाश पुरता मावळण्याआधीच्या घटकेला जुन्या टाटामोबाईल पिकअपमध्ये कुणाला तरी बसवावे, ब्रेकवर पाय ठेवायला सांगावे, आणि आपण मात्र मागे न जाता मुद्दाम गाडीच्या तोंडाशी उभे राहावे. माझ्या काकांच्या गाडीसमोर मी असा उभा राहिलो होतो. मागचा उजवा लाल दिवा राखेखालच्या निखाऱ्याइतकाच तांबूस दिसत असल्याचे काका आतून ओरडून सांगत होते, आणि इकडे, माझ्या गुडघ्यापाशी, ब्रेकशी ज्याचे काडीचेही नाते नाही असा पुढचा उजवा इंडिकेटर आपल्या पिवळ्या काचेच्या आत मंद, संकोची उजेड धरून होता. पाय उचलला की तो विझे. पाय ठेवला की पुन्हा उमले. बिघाड इतका देखणा असू शकतो हे मला त्या दिवशी कळले.

या उजेडापाशी आपण थोडे थांबू या. मागच्या दिव्यांच्या त्या एका घरात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर असे तिघे शेजारी नांदतात. प्रत्येकाकडे करंट स्वतंत्र तारेने येतो, पण परत जायची वाट तिघांना मिळून एकच असते. ती वाट तुटली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अडतो, चाचपडतो, आणि शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये उलट्या बाजूने शिरतो. त्याच्या तारेने तो गाडीची अख्खी लांबी पार करतो, पुढच्या इंडिकेटरमधून जातो आणि तिथल्या चांगल्या सांध्यातून घरी पोचतो. एकवीस-एकवीस वॅटचे तीन दिवे अशा रीतीने एका माळेत ओवले जातात. बॅटरीचे बारा व्होल्ट तिघांत वाटले जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने चारच येतात. म्हणून तो उजेड मंद, म्हणून तो संकोची! लाल दिवा मंद आहे एवढा झाला वाच्यार्थ. पुढच्या पिवळ्या काचेत जे उमटले ते त्याचे व्यंग्य, आणि ते ज्याला दिसले त्याने मागच्या घराला हात न लावताही ओळखावे की तार शाबूत आहे, बल्ब शाबूत आहे, हरवला आहे तो परतीचा रस्ता.

या परतीच्या रस्त्याला आपल्याकडचा वायरमन ‘अर्थ’ म्हणतो. इंग्रजीतला मातीचा शब्द गॅरेजात येऊन मराठीतल्या सर्वांत भारदस्त शब्दाशी असा एकरूप झाला आहे की “दिव्याला अर्थ मिळत नाही” हे वाक्य ऐकताना माझ्या मनात दोन तारा एकदम झंकारतात. वायरिंगच्या नकाशात या अर्थाची खूण तर किती साधी: एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी एकीखाली एक, आखूड होत गेलेल्या तीन आडव्या रेघा. दिव्यापर्यंत जाणारी तार नकाशाकार निष्ठेने कोपऱ्याकोपऱ्यातून रेखत नेतो, पण परतीचा प्रवास तो काढतच नाही. तिथे ही खूण ठेवतो आणि थांबतो, कारण परतीची तार म्हणजे प्रत्यक्ष चासीचे पोलाद. अर्धा नकाशा असा न लिहिताच लिहिलेला असतो.

पिकअपमध्ये या मौनाला आणखी पदर आहेत. केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही चासीवर बोल्टने बसवलेले, आणि इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर जवळजवळ तरंगते. रबर करंटला वाट देत नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते, वेणीसारखी. सेल्फ मारताना दोनशे अँपिअरच्या घरातला करंट तिच्यातून परततो. ती तुटली तर तेवढा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या पोलादी केबलमधून वाट काढू पाहतो आणि ती केबल तापून धूर सोडते. पायाखालची केबल तापण्याचे कारण इंजिनखालच्या वेणीत सापडावे, हा शोध ज्याने एकदा लावला, तो कुठल्याही बिघाडाला पुन्हा वरवर वाचणार नाही.

मग आम्ही वायरिंग उघडले. ब्रिटिश गाड्यांत लुकास कंपनीने रूढ केलेली रंगांची एक परंपरा आहे: बॅटरीतून थेट येणारी तपकिरी, चावी फिरल्यावर जागी होणारी पांढरी, फ्यूजमधून पुढे गेलेली हिरवी, आणि त्या हिरव्याच्या अंगावर पांढरी रेघ असेल तर उजवा इंडिकेटर, तांबडी असेल तर डावा. गाडीगाडीची बोली निराळी, म्हणून तक्ता त्याच गाडीचा लागतो. पण मुख्य रंग घराण्याचा आणि रेघ व्यक्तीची, ही कल्पना मला फार गोड वाटते. काकांच्या गाडीत तीस वर्षांच्या दुरुस्त्यांनी या भाषेत पुष्कळ भर घातली होती. एका रंगाची तार टेपच्या गाठीत शिरे आणि भलत्याच रंगाची होऊन बाहेर पडे. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा कोणती ओवी मूळची आणि कोणती मागाहून घुसलेली हे त्यांना ओळखावे लागले. आमच्या वायरमनची बोटे टेप सोडवताना त्याच जातीच्या सावधपणाने चालत होती, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

दिव्याचे घर गंजाने खाल्लेले निघाले, तेव्हा सुट्या भागाचा शोध सुरू झाला. ही गाडी 1988 मध्ये बाजारात आली तेव्हा ती बनवणाऱ्या पुण्याच्या कारखान्याचे नाव टेल्को होते. 1991 ची सिएरा, 1992 ची एस्टेट आणि 1994 ची सुमो ही तिची धाकटी भावंडे. गाडी बंद होऊन काळ लोटला, तरी असे कूळ माहीत असले की दुकानदाराशी बोलणे सोपे जाते. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचे काश्मिरी गेट, चेन्नईचे पुदुपेट, सगळीकडे मंत्र एकच: नमुना घेऊन या. आम्ही तुटका भाग कागदात गुंडाळून नाना पेठेत नेला. त्या वयस्क दुकानदाराने तो हातात घेऊन आधी उलटा केला, बल्बच्या खोबणीवरून अंगठा फिरवला, आणि मगच समोरून पाहिला.

तो अंगठा काय वाचत होता? ब्रेक आणि पार्किंगच्या जोडबल्बमध्ये एकवीस आणि पाच वॅटच्या दोन फिलामेंट असतात, आणि त्याच्या पितळी कंबरेवरच्या दोन बारीक खुंट्या समान उंचीवर नसतात. एक किंचित वर, एक किंचित खाली. खोबणीही तशीच विषम. अंधारात, पावसात, घाईत बदलला तरी बल्ब उलटा बसणार नाही, पाचाच्या जागी एकवीस पेटणार नाही. अनोळखी माणसाच्या चुकीची काळजी कुणीतरी आधीच, एवढ्याशा पितळात, वाहून ठेवलेली!

दिव्याच्या घराला तारा जोडणारा कपलर जुन्या मालातून मिळाला. भंगारातल्या गाडीतून तो काढणाऱ्याने तारा चांगल्या वीतभर ठेवून कापल्या होत्या. कपलरच्या मुळाशी कात्री चालवणे सोपे. पण पुढच्या माणसाला सांधा करायला जागा लागेल हे ज्याला उमजते तोच वीतभर सोडतो. त्या अनाम कारागिराला मी मनोमन हात जोडले.

एवढे होऊनही खरा दोष निघाला तो एका बोल्टखाली. मल्टीमीटरची काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकाला, तांबडी दिव्याच्या घराला लावली आणि ब्रेक दाबला, तर जिथे व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसायला हवा तिथे आकडा आठाच्या आसपास उभा. कधीतरी हौदा नव्याने रंगवताना अर्थच्या बोल्टच्या जागीही रंगाचा सुरेख, गुळगुळीत थर बसला होता, आणि त्याच्या कडेने चिखलपाणी आत शिरून गंज चढला होता. वायरमनने पॉलिश पेपरने ती रुपयाएवढी जागा घासली. आधी हिरवा रंग गेला, मग तांबूस गंज, आणि मग खालून पोलादाचा करडा, ओलसर वाटणारा चकाकता रंग वर आला. नवे थिंबल, दातेरी वायसर, बोल्ट, वरून ग्रीसचे बोट.

काकांनी ब्रेकवर पाय ठेवला. मी पुन्हा गाडीच्या तोंडाशीच उभा होतो. पिवळी काच तशीच राहिली, गडद आणि शांत, आणि गाडीच्या मागची गोठ्याची भिंत, तिच्यावर वाळत घातलेल्या पोत्यांसकट, एकदम लालभडक झाली.