कोर्लईची बोली आणि ‘एकाकीपणा’ची उपपत्ती

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे उत्तरतीरी रेवदंडा व दक्षिणतीरी कोर्लई ही गावे समोरासमोर आहेत. कोर्लईस जाणारा प्रवासी बहुधा डोंगरावरील किल्ला पाहून परततो. किल्ल्याच्या पायथ्याशी हजाराच्या आतबाहेर ख्रिस्ती लोक जी भाषा बोलतात, ती त्याच्या कानी पडतच नाही. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या स्वाधीन केले. ही भाषा मात्र मागे राहिली.

उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोलींविषयी दालगादो यांनी १९०६ मध्ये लिहिले होते. परंतु कोर्लईच्या बोलीचा सांगोपांग विचार क्लेमेंट्स यांच्या १९९६ च्या ग्रंथातच आढळतो. गावात राहून जमविलेल्या सामग्रीवर तो आधारलेला असल्यामुळे त्याचे मोल वादातीत आहे. धर्म व जात यांमुळे हा समाज भोवतालच्या समाजापासून अलग पडला आणि म्हणून त्याची भाषा टिकली, ही त्यातील मध्यवर्ती उपपत्ती होय.

भाषा का टिकली, याचे हे उत्तर ग्राह्य वाटते. ती आज जशी आहे तशी का झाली, याचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही. आणि ‘एकाकी’ हा शब्द हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवतो. बेटीव्यवहार तुटला म्हणून बोलणे तुटले असे होत नाही. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्मापूर्वी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्यान्ती सरकले आहे. याहून बोलका पुरावा क्रियापदांच्या गणांचा. ‘कांता’ (गाणे), ‘बेबे’ (पिणे), ‘इर्गी’ (उठणे) हे तीन गण पोर्तुगीजचा वारसा होत. चौथा उकारान्त गण मराठी धातूंसाठी नव्याने उभा राहिला. ‘लोटू’ हे त्याचे उदाहरण. उसने शब्द कोणतीही भाषा घेते. त्यांच्यासाठी व्याकरणात स्वतंत्र दालन उघडणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या द्वैभाषिक असला पाहिजे.

हा उकार कोठून आला? ‘लोटू नको’, ‘लोटू दे’, ‘लोटू लागला’ या रूपांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मराठी वाचकास अनावर होतो. तथापि येथे पुण्याची प्रमाण मराठी कामाची नाही. कोर्लईकरांच्या कानांवर पडली ती आगरी-कोळ्यांची आणि चौल-रेवदंड्याच्या बाजारपेठेची बोली. (आपल्या बोलीअभ्यासकांनी हे गाव ‘मराठी नव्हे’ म्हणून सोडून दिले, हीही चूकच.) क्लेमेंट्स यांच्या सामग्रीशेजारी त्या बोलींतील क्रियारूपे मांडून पाहण्याचे काम आपल्याच विभागातील एखाद्या विद्यार्थ्यास सहज करता येईल, रेवदंड्यात बिऱ्हाड घेतले तरी पुरे.