‘नेटिव्ह स्पीकर’ : जाहिरातीतील एका संज्ञेची चिकित्सा

पूर्व आशियातील आणि आखाती देशांतील शाळा इंग्रजीच्या शिक्षकांसाठी ज्या जाहिराती देतात, त्यांत ‘नेटिव्ह स्पीकर’ ही अट बहुधा आरंभीच येते. मग पदवी, वेतन, राहण्याची सोय इत्यादी तपशील असतात आणि पुष्कळदा अखेरीस अर्जासोबत छायाचित्र धाडण्याची सूचना असते. पहिली अट भाषेची व शेवटची केवळ कार्यालयीन सोयीची, असे वरवर पाहता वाटते. इंग्रजीत एम. ए. झालेला, अध्यापनाचा चांगला अनुभव असलेला भारतीय शिक्षक पहिल्या अटीपाशीच अडतो. आपल्या उच्चारांतच काही उणे असावे असे मानून तो उच्चारसुधारणेच्या वर्गात नाव घालतो, एखादे परदेशी प्रमाणपत्रही पदरात पाडून घेतो आणि पुन्हा अर्ज करतो. त्याने स्वतःच्या बाबतीत केलेले हे निदान बरोबर आहे काय, हा प्रश्न भाषाशास्त्राला टाळता येण्यासारखा नाही. कारण अटीतील संज्ञा भाषाशास्त्राच्याच दप्तरातून बाहेर पडली आहे.

ब्लूमफील्ड याने १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संज्ञेचा जो अर्थ दिला, तो अगदी साधा आहे. मनुष्य जी भाषा सर्वप्रथम बोलावयास शिकतो, तिचा तो ‘नेटिव्ह स्पीकर’. येथे देशाचा उल्लेख नाही, वर्णाचा तर नाहीच. पुढे चॉम्स्कीने १९६५ मध्ये आदर्श वक्ता-श्रोता कल्पिला, तोही सिद्धान्ताच्या सोयीसाठी. त्याला वेतन देऊन वर्गात उभे करावे असे त्याच्या मनात असण्याचे कारण नव्हते. अभ्यासकाला भाषेची सामग्री पुरविणारा माणूस आणि ती भाषा दुसऱ्याला शिकविणारा माणूस या दोन निराळ्या भूमिका आहेत. मराठी घरात जन्मलेला प्रत्येक जण उत्तम मराठी शिकवू शकता, तर अध्यापक महाविद्यालयांना केव्हाच टाळे लावावे लागले असते.

हा भेद पुसला गेला त्याचा एक टप्पा निश्चित सांगता येतो. १९६१ साली युगांडातील माकेरेरे येथे राष्ट्रकुलातील देशांची इंग्रजीच्या अध्यापनाविषयी परिषद भरली. तिच्यातून रूढ झालेल्या पाच समजुतींची चिकित्सा रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये ‘लिंग्विस्टिक इम्पीरियॅलिझम’ या ग्रंथात केली आहे. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती जन्मभाषा असलेला शिक्षक, ही त्यांपैकी एक. वसाहती स्वतंत्र होत होत्या आणि इंग्लंडातील तज्ज्ञांना तेथे काम हवे होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे अध्यापनशास्त्राच्या वेषात आलेल्या या समजुतीचे मूळ कोठे आहे, ते दिसू लागते.

मराठी वाचकाला या संज्ञेत आणखी एक विसंगती जाणवल्यावाचून राहणार नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे ‘नेटिव’ म्हणजे एतद्देशीय, साहेब नव्हे तो. बाँबे नेटिव एज्युकेशन सोसायटी, पुण्याची १८४८ ची नेटिव जनरल लायब्ररी, ही नावे त्याच अर्थाची आहेत. त्या काळी ज्या शब्दाने काळ्या माणसाला खालच्या पायरीवर बसविले, तोच शब्द ‘स्पीकर’ला जोडला जाताच त्याला पायरीच्याही बाहेर ठेवतो. शब्दाचा अर्थ उलटला. तो कोणाच्या हाती आहे, हे मात्र बदलले नाही.

आता ही संज्ञा भाषेचे वर्णन करते की अन्य कशाचे, याची परीक्षा दक्षिण कोरियाच्या नियमांवर करता येते. तेथे परकीय भाषेच्या शिक्षकाला मिळणारा प्रवेशपरवाना इंग्रजीपुरता मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. यांपैकी दक्षिण आफ्रिकेत २०२२ च्या जनगणनेनुसार घरात इंग्रजी बोलणारे शेकडा नऊदेखील भरत नाहीत. उलट सिंगापुरात २०२० च्या गणनेत घरी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४८ च्या वर होते. पण सिंगापूर यादीत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या उमेदवाराला शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा द्यावा लागतो, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे. परंतु तो पुरावा सिंगापूरच्या उमेदवारापाशीही असतोच. भारताशी झालेल्या व २०१० पासून अमलात आलेल्या आर्थिक करारान्वये भारतीयांना यात वाट मिळाली, मात्र पदवीबरोबर शिक्षकाचा अधिकृत परवानाही त्यांनी दाखविला पाहिजे. सात देशांच्या नागरिकाला सामान्यतः कोणत्याही विषयातील पदवी पुरते. अध्यापनाचे शिक्षण ज्याच्याजवळ असेल त्याला दुय्यम समजावयाचे आणि ज्याच्याजवळ नसेल त्याच्या पारपत्रालाच शिक्षण मानावयाचे, असा हा न्याय आहे.

उच्चारांच्या युक्तिवादाची स्थितीही याहून बरी नाही. मराठी भाषिकाच्या इंग्रजीत दोन ओष्ठ्य ध्वनी एका ‘व’मध्ये मिसळतात, आणि ज्या दोन दंत्य घर्षकांना मराठीत जागा नाही त्यांच्याऐवजी ‘थ’ आणि ‘द’ येतात. तसे पाहता डब्लिनमधील अनेकांच्या बोलण्यातही नेमक्या याच घर्षकांच्या जागी दंत्य स्पर्श ऐकू येतात. आयर्लंडचे पारपत्र मात्र यादीत आहे. एकच ध्वनिविशेष एकाच्या तोंडी प्रादेशिक लकब ठरतो आणि दुसऱ्याच्या तोंडी दोष.

याच्याही पुढे जाणारा पुरावा डोनाल्ड रुबिन यांच्या १९९२ मधील प्रयोगाचा आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांना त्यांनी एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकविले. आवाज ओहायो राज्यात वाढलेल्या, इंग्रजी हीच जन्मभाषा असलेल्या स्त्रीचा. काही विद्यार्थ्यांसमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र ठेवले होते आणि काहींसमोर पूर्व आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परके वाटले. इतकेच नव्हे, तर व्याख्यानातील आशयही त्यांना कमी उमगला. जेथे परका उच्चार मुळात अस्तित्वातच नव्हता, तेथे तो डोळ्यांनी ऐकला गेला. उच्चारसुधारणेच्या वर्गात पैसे भरणाऱ्या शिक्षकाने हा प्रयोग अवश्य वाचावा. नुझत अमीन यांनी १९९७ मध्ये कॅनडातील गौरेतर शिक्षिकांविषयी जे लिहिले, आणि कुबोता व फुजिमोतो यांनी २०१३ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकी शिक्षकांविषयी जे लिहिले, त्यातून हेच निष्पन्न होते. या दुसऱ्या वर्गातील शिक्षकांची तर पहिली भाषाच इंग्रजी होती. तरीही जपानात त्यांचे इंग्रजी अस्सल मानले जाण्याच्या आड त्यांचा चेहरा येत असे.

पालकांनाच गोरा शिक्षक हवा असतो, शाळा काय करणार, असा बचाव नेहमी केला जातो. मागणी आहे हे मान्य करावे लागेल. पण ती आकाशातून पडलेली नाही. गोऱ्या शिक्षकाचे छायाचित्र माहितीपत्रकावर छापून तीच शाळा ती मागणी वर्षानुवर्षे पोसत असते. (आपल्याकडील इंग्रजी शाळांची माहितीपत्रकेही या बाबतीत अगदी निष्पाप नाहीत.)

या अन्यायाविरुद्ध ज्यांनी लेखणी उचलली, त्यांच्या मांडणीतही एक कच्चा दुवा राहिला. पेटर मेड्येश यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात दुसऱ्या गटातील शिक्षकाचे गुण आस्थेने सांगितले : तो स्वतः ती भाषा शिकलेला असतो, विद्यार्थी कोठे अडखळेल हे त्याला आधीच ठाऊक असते. हे सर्व खरे आहे. तथापि, त्यामुळे दोन गट मात्र अधिकच पक्के होतात, आणि कोणाला कोणत्या गटात बसवावयाचे याचा निर्णय जाहिरातदाराकडेच राहतो. केरळात जन्मलेले व कॅनडात स्थायिक झालेले कोशकार थॉमस पैकडे यांनी १९८५ मध्येच ही कल्पना मृत झाल्याचे आपल्या पुस्तकाच्या नावातूनच घोषित केले होते. त्यांची भूमिका अधिक टोकाची असली तरी तर्काच्या दृष्टीने अधिक स्वच्छ आहे. इंग्रजीच्या अध्यापकांची ‘टेसॉल’ ही आंतरराष्ट्रीय संघटना २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध निवेदन काढून मोकळी झाली. पुढे २०१३ मध्ये महबूब व गोल्डन यांनी पूर्व आशिया व मध्यपूर्वेतील ७७ जाहिराती तपासल्या, तेव्हा शेकडा सुमारे ७९ जाहिरातींत ही अट जशीच्या तशी होती.

संज्ञेला मराठी प्रतिशब्द योजू गेल्यास तिचे स्वरूप अधिक उघडे पडते. ‘मातृभाषिक’ म्हणावे तर त्यात घर आणि आई आहे. ‘प्रथमभाषिक’ म्हणावे तर केवळ शिकण्याचा क्रम आहे. डर्बनमधील भारतीय वंशाच्या, घरात पिढ्यान्पिढ्या इंग्रजीच बोलली जाणाऱ्या एखाद्या शिक्षिकेची कल्पना करावी. ती मातृभाषिक आहे, प्रथमभाषिकही आहे. तिचे पारपत्र कोरियाच्या यादीत बसते. तरी छायाचित्र पाहून शाळा तिचा अर्ज बाजूला ठेवते, तेव्हा या दोहोंपैकी कोणताही प्रतिशब्द त्या जाहिरातीच्या भाषांतरात घालता येत नाही.