गरम झालं म्हणजे अभिक्रिया झाली?

रंग बदलला, वायू निघाला, अवक्षेप तयार झाला, तापमान बदललं. यातलं काहीही दिसलं की रासायनिक अभिक्रिया झाली, हे आपण सगळेच शाळेत पाठ करून आलोय. वर उष्मादायी आणि उष्माग्राही असे दोन कप्पे. परीक्षेपुरती ही यादी चालते. लॅबमध्ये मात्र ती दोन्हीकडून फसवते.

अमोनियम नायट्रेट पाण्यात टाकून बघा. ग्लास हाताला गार लागेल. प्रति मोल सुमारे २६ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पण पाणी आटवलं की तोच क्षार परत मिळतो, म्हणून पुस्तकं याला भौतिक बदल म्हणतात. (आयनांची जाळी मोडते, हा 'भौतिक' कसा, यावर वाद घालता येईल. तो नंतर कधीतरी.)

आता उलट बाजू. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही १ मोलर, सारख्या आकारमानात मिसळा. रंग नाही, वायू नाही, अवक्षेप नाही. फक्त तापमान साधारण ७ अंशांनी चढतं. हीच द्रावणं हजारपट पातळ करून मिसळलीत तर वाढ जेमतेम ०.००७ अंश. थर्मामीटर हलणारही नाही. अभिक्रिया तीच आणि प्रति मोल बाहेर पडणारी उष्णताही तीच, सुमारे ५७ किलोज्यूल. म्हणजे एन्थाल्पी हा अभिक्रियेचा गुण आहे, पण 'किती गरम झालं' हा तुमच्या मांडणीचा. आपली यादी या दोन गोष्टींची सरमिसळ करते, ही माझी खरी तक्रार.

मोठी माणसंही इथे घसरली आहेत. डेन्मार्कचे थॉमसन आणि फ्रान्सचे बर्थेलो यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं की आपोआप घडणाऱ्या अभिक्रिया उष्णता बाहेर टाकतातच. मग बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि अमोनियम क्लोराइड नुसते ढवळले तर काय होतं? अमोनियाचा भपकारा येतो आणि चंचुपात्र खालच्या ओल्या फळीला गोठून चिकटतं! इथे एन्ट्रॉपी जिंकते.

आणि मी? पहिल्या वर्षी कॅलरीमीटरमध्ये प्रथिनाच्या द्रावणात औषधाचा रेणू थेंबाथेंबाने सोडत होते. प्रत्येक थेंबाला उष्णतेचं सुंदर शिखर यायचं. रेणू प्रथिनाला चिकटतोय, या आनंदात तीन आठवडे गेले, गाईडना आलेखही दाखवून झाले. त्यांनी एवढंच विचारलं, "ब्लँक केलास का?" केला नव्हता. मग औषध वगळून फक्त डीएमएसओ असलेला बफर सोडला, तर शिखरं जवळजवळ तेवढीच! सिरिंजमध्ये डीएमएसओ होतं, सेलमध्ये नव्हतं. मी इतके दिवस ते पाण्यात मिसळण्याची उष्णता मोजत होते.

त्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'अभिक्रिया उष्मादायी.' पान अजून फाडलेलं नाही.