उप्पाद, वय आणि अञ्ञथत्त : जलशापासून रॅपपर्यंत

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात संखत वस्तूंची, म्हणजे कारणांनी घडलेल्या वस्तूंची, तीन लक्षणे सांगितली आहेत : उप्पाद, वय आणि ठितस्स अञ्ञथत्त; अर्थात उत्पत्ती, लय आणि टिकून असतानाच होणारा पालट. लोककलांविषयी लिहिणारे बहुधा पहिल्या दोन लक्षणांपाशी थांबतात. अमुक कला जन्मली, भरभराटीस आली आणि लोपली, असा त्यांचा आलेख असतो. तिसऱ्या लक्षणाकडे दुर्लक्ष केले तर आज विदर्भातील तरुण जे रॅप गात आहेत, म्हणजे ठेक्यावर जलद गतीने जी यमकबद्ध उक्ती म्हणत आहेत, तिचे मूल्यमापन करणे अशक्य होते. या गाण्याविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. काही ज्येष्ठांना तो परदेशी गोंगाट वाटतो. उत्साही तरुणांना ती अभूतपूर्व क्रांती वाटते. या गाण्याचा पूर्वेतिहास दोघांनीही दृष्टीआड केला आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम उत्पत्तीचा विचार करू. 1873 साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा परिचित साचा त्यांनी घेतला आणि आशय बदलला. 1930 नंतरच्या काळात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसा घडविला. कर्डकांनी 1978 साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या ग्रंथात त्याची नोंद करून ठेवली, म्हणून तो इतिहास आपल्याला उपलब्ध आहे. या उदयामागे तीन कारणे होती. अक्षरापासून दूर ठेवलेला मोठा श्रोतृवर्ग होता. त्याला समजेल अशी त्याचीच बोली होती. आणि गाण्याला विषय पुरविणारी जिवंत चळवळ होती.

यांपैकी बोलीचा मुद्दा पालीच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटतो. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् रूपात बांधण्याची अनुज्ञा मागितली तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ वचन शिकण्यास सांगितले, असे चुल्लवग्गात आले आहे. बुद्धघोषाचार्यांनी याचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी भाषा असा केला. अनेक आधुनिक अभ्यासकांनी ज्याची त्याची बोली असा केला. आम्हांस दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. वऱ्हाडीत गाणारा तरुण नकळत याच अनुज्ञेचा लाभ घेत असतो.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर या गाण्याने रूप पालटले. जलशाची जागा भीमगीतांनी आणि कव्वालीच्या सामन्यांनी घेतली. वामनदादा कर्डकांनी शेकडो गीते रचली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने ही परंपरा घराघरांत नेली. सामन्यात दोन गायनपार्ट्या समोरासमोर बसत. एकीच्या प्रश्नाला दुसरीने तेथल्या तेथे उत्तर द्यायचे, आणि निवाडा करणारे श्रोते पुढ्यातच असायचे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत आणि आजच्या रॅपच्या सामन्यांत हेच तत्त्व आहे. त्यानंतर ध्वनिफीत आली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांशेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. कॅसेटने गाणे दूरवर पोचविले, हे तिचे मोठे ऋण आहे; परंतु गायकासमोर बसून त्याला अडविणारा श्रोता तिने दूर केला. जलसा मेला असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः हा समोरचा श्रोता हरवलेला असतो.

आता परकेपणाचा आक्षेप पाहू. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने एका इमारतीच्या सामायिक खोलीत तबकड्या वाजविल्या, तो हिपहॉपचा आरंभ मानला जातो. त्याच्या एक वर्ष आधी, 1972 मध्ये, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली होती आणि तिने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले होते. ज्यांनी ते नाव अभिमानाने मिरविले त्यांनी त्याच समाजाच्या गाण्याला परके म्हणावे, हे विसंगत आहे.

हिपहॉपचा स्वतःचा इतिहासही उदय, ऱ्हास आणि पालट यांचाच आहे. न्यूयॉर्कचे वर्चस्व काही काळ अबाधित होते. मग लॉस एंजेलिस पुढे आले. 1995 साली न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार समारंभात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीची श्रोत्यांनी हुर्यो उडविली. पुढील दशकात त्याच अटलांटाने या संगीताला दिशा दिली. केंद्र ज्याला आडगाव समजते तेथूनच नवी बोली येते, हा या इतिहासाचा बोध होय.

आपल्याकडे 2014 साली नेझीचे ‘आफत’ आणि 2015 साली डिव्हाइन व नेझी यांचे ‘मेरे गली में’ गाजले. 2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. 2019 मध्ये ‘गली बॉय’ चित्रपट आला. त्यातील ‘इंडिया 91’ या बहुभाषिक गीतात अमरावतीचे सौरभ अभ्यंकर, म्हणजेच ‘100 आरबीएच’, यांचा आवाज आहे. विदर्भातीलच विपिन तातड यांनी जातिविरोधी रॅपचा मार्ग धरला आहे. परंतु उदयाच्या कारणांतच ऱ्हासाचे बीज होते. कंपन्यांचे लक्ष वळताच मुंबईच्या वस्त्यांतील गाणे काही मोजक्या नावांपुरते आकसले. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि ग्रामीण, बहुजन कलावंतांचे व्यासपीठ एका रात्रीत नाहीसे झाले. एप्रिल 2023 मध्ये राजकीय टीका करणाऱ्या गाण्यांवरून राज मुंगसे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरांवर गुन्हे नोंदविण्यात आले. जे व्यासपीठ आपल्या मालकीचे नाही, ते दुसऱ्याच्या इच्छेने बंद होते.

असो. या गाण्याचे गुणदोष कोणत्या निकषांवर ठरवावेत? थेरगाथेतील वंगीस थेर येथे उपयोगी पडतात. भगवंतांनी त्यांना प्रतिभानवंत भिक्खूंमध्ये अग्र मानले. या गाथा तू आधी रचून ठेवल्या होत्यास की येथेच सुचल्या, असे संयुत्त निकायात त्यांना विचारले आहे आणि येथेच सुचल्या असे त्यांनी उत्तर दिले आहे. उत्स्फूर्त रचना हा हीन गुण नव्हे, हे यावरून सिद्ध होते. परंतु प्रव्रज्येपूर्वी आपण काव्याने मत्त होऊन गावोगाव, नगरोनगर हिंडत होतो, हेही वंगीसच सांगतात. त्यासाठी ‘कावेय्यमत्त’ असा शब्द आहे. आजच्या बहुतांश रॅपचा रोग याच शब्दात सांगता येतो. बाबासाहेबांचे नाव दोन ओळींत आणि स्वतःची थोरवी वीस ओळींत. प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्याऐवजी त्याच्या आईबहिणीचा उद्धार. सुभासित सुत्तात वाणीची चार अंगे दिली आहेत : ती सुभाषित, धम्मयुक्त, प्रिय आणि सत्य असावी. शिवराळ आत्मस्तुती यांपैकी एकाही अंगावर टिकत नाही.

उलट ‘स्वदेशी’ या मुंबईच्या समूहाचे 2019 चे ‘द वारली रिव्होल्ट’ पाहावे. आरेच्या जंगलातील प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे आणि विषय आदिवासींच्या जमिनीचा व जंगलाचा आहे. गाणारा कोठे उभा आहे हे श्रोत्याला कळते, म्हणून ठेका विसरला तरी अर्थ उरतो. कडूबाई खरात यांच्या हातात जुनी एकतारीच आहे, पण त्यांची भीमगीते मोबाइलवरून सर्वत्र पोचली. साधन नवे की जुने, याने गाण्याचा कस ठरत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेचाही येथे विचार केला पाहिजे. नागपुरात चित्रित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (2022) मध्ये जयंतीचा नाच आहे. सार्वजनिक जागेतून हाकलल्या गेलेल्या पोरांचा तो आनंद आहे आणि त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि गीतस्सर सुत्तात लांबविलेल्या गीतस्वरात धम्म म्हणण्याचे जे पाच दोष सांगितले आहेत त्यांतील पहिला असा, की म्हणणारा स्वतःच त्या स्वरात आसक्त होतो. तो नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांच्या गाण्याला तो लावता येणार नाही. पण त्यामागील निरीक्षण सार्वत्रिक आहे. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे शब्द ऐकूच आला नाही तर भीमगीत कोणते आणि चित्रपटगीत कोणते, हा भेद उरत नाही.

म्हणून आमचे प्रतिपादन असे. कलाप्रकाराचे नाव बदलणे हा ऱ्हास नव्हे, ते अञ्ञथत्त होय. गाण्याला जाब विचारणारा श्रोता नाहीसा होणे हा खरा ऱ्हास. तो श्रोता कोणतीही कंपनी पुरवू शकणार नाही. विहार पुरवू शकतात. नागपुरात वस्तीवस्तीत विहार आहेत आणि त्यांची सभागृहे वंदनेनंतर बहुधा रिकामी असतात. तेथे महिन्यातून एकदा रॅपर आणि जुने भीमगीतकार यांचा सामना व्हावा. ध्वनिक्षेपक लहान असावा, शब्द स्पष्ट असावा, आणि गाणे संपल्यावर स्त्रियांसह सर्व श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची मुभा असावी. कर्डकांनी जलशांची नोंद ठेवली तशी या गाण्यांचीही नोंद ठेवावी. एवढे केले तर अमरावतीच्या किंवा नागपूरच्या कवीला आपली बोली घेऊन मुंबईच्या दारात तिष्ठावे लागणार नाही, आणि जलशाचे गाणे आणखी एका रूपात आपल्या वस्तीत ऐकू येत राहील.