खुज्यांचा गड आणि गडाचे पाणी

संगणकावरील खेळांस समीक्षेच्या दरबारात प्रवेश द्यावा की नाही, ह्याविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात अद्याप एकवाक्यता नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ ह्या खेळापुरता हा वाद न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या परीने निकालात काढला. संग्रहासाठी त्याने प्रथम निवडलेल्या चौदा खेळांत ह्या खेळाचा समावेश होता. तथापि संग्रहालयाचा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. कृती स्वतः काय साक्ष देते ते तपासले पाहिजे. आणि त्यासाठी तिचे एकच प्रकरण, गडाच्या पाण्याचे, आम्ही येथे घेत आहोत.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स ह्या अमेरिकन बंधूंनी २००२ मध्ये ह्या रचनेस आरंभ केला. २००६ मध्ये ती लोकांपुढे आली आणि २०२२ च्या डिसेंबरात तिची सचित्र आवृत्ती निघाली. त्यापूर्वीच्या मूळ रूपात डोंगर, नदी, मांजर आणि माणूस ही सारी नुसत्या अक्षरांनी व चिन्हांनी दाखविली जात. सात खुज्यांस घेऊन डोंगर पोखरावयाचा व आत गड वसवावयाचा, एवढेच कथानक. खेळणाराने कामे नेमून द्यावीत. ती कोण, केव्हा करील हे खुजे आपल्या तंत्राने ठरवितात.

ह्या खुज्यांस मद्य प्रिय असते. कोठारात मद्य आहे तोवर निरोगी खुज्यास पाण्याची आठवणही होत नाही. परंतु तोच जखमी होऊन अंथरुणास खिळला की त्यास मद्य चालत नाही. दुसऱ्या कोणी तरी पोहरा भरून आणावा आणि त्यास पाजावे लागते. जखम धुण्यासही स्वच्छ पाणी हवे; ते नसेल तर जखम चिघळते. गडाची विहीर ही अशा रीतीने मुख्यतः असहायांसाठी आहे. धडधाकटांच्या राज्यात ती विसरली जाते, आणि पहिल्या लढाईनंतर तिचा अभाव प्राणावर बेततो. ग्रंथकर्त्यांनी हे कोठेही उपदेश म्हणून सांगितलेले नाही. ते खेळाच्या नियमांतूनच उमगते, आणि आमच्या मते त्यांच्या कलेचे मर्म येथेच आहे.

आता बांधकाम. नदी गडाबाहेर वाहते. तेथे शत्रू दबा धरून बसतो आणि थंड मुलखात हिवाळ्यात ती गोठते. म्हणून पाट खोदून पाणी डोंगराच्या पोटातील टाक्यात आणावयाचे आणि वर विहीर बांधावयाची. विहिरीस दगडी चिरा, पोहरा, दोर किंवा साखळी आणि एक यंत्रजोड एवढे साहित्य पुरते; अडचण पाण्याच्या स्वभावाची आहे. प्रत्येक चौकोनातील पाण्याची खोली एक ते सात अशी मोजलेली असते, आणि नदीतून खाली उतरलेले पाणी दाबाखाली पुन्हा नदीच्या पातळीकडे चढू पाहते. विहिरीचे तोंड त्या पातळीखाली राहिले तर पाणी विहिरीतून वर उसळते आणि निजलेला गड बुडवून टाकते. जाणते खेळाडू म्हणून पाटात एके ठिकाणी पाण्यास कोपऱ्याकोपऱ्यातून तिरपे जावयास लावतात. तेथे दाब मरतो. शिवाय पाटावर झडप बसवून तिची कळ गडाच्या आत ठेवतात. झडप मोडणारे राक्षसही ह्या सृष्टीत आहेत. जंग्या कोरलेली भिंत मोडत नाही, पण ती काठोकाठ पाण्याखाली गेली की पोहणारा प्राणी तीतून आत येऊ शकतो. जो मार्ग पाण्यास खुला, तो शत्रूसही थोडाबहुत खुला राहतोच.

आम्हां कायद्याच्या अभ्यासकांस येथे ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ हा खटला आठवल्यावाचून राहत नाही. इंग्लंडात एका गिरणीमालकाने तलाव बांधविला. खालच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीच्या विवरांतून पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, तरी १८६८ मध्ये लॉर्डांच्या सभेने त्यासच जबाबदार धरले. जो आपल्या जमिनीत निसटल्यास अपाय करणारी वस्तू साठवितो, त्याने ती आपल्या जोखमीवर सांभाळावी, हे त्या निकालाचे तत्त्व. खुज्यांचा गड हेच तत्त्व न्यायाधीशावाचून अमलात आणतो.

आमच्याकडे हा विचार नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे असे बजाविले आहे. शिवाय एका झऱ्यावर निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून टाकी बांधून ठेवावीत, असेही सांगितले आहे. गोव्याच्या आग्वाद किल्ल्याचे तर नावच पाणी भरून घेण्याच्या जागेवरून पडले. तेथील झऱ्याचे गोडे पाणी जहाजे भरून नेत.

परंतु ह्याच तुलनेत ह्या कृतीचे न्यून उघडे पडते. खुज्यांच्या गडावर उच्चपदस्थ आपल्या दर्जाप्रमाणे दालने मागतात, आणि ती न मिळाल्यास रुष्ट होतात. विषमता ग्रंथकर्त्यांस ठाऊक आहे. मात्र ती विहिरीच्या काठापर्यंत पोचत नाही. तेथे कोणी प्यावे हा वाद उद्भवत नाही. आमच्या देशात पाणी असूनही माणसे तहानलेली राहिली. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी पाणी प्राशन केले, आणि तो हक्क मुंबईच्या उच्च न्यायालयाने मान्य करण्यास १९३७ साल उजाडले. ते तळे भरलेलेच होते. दाब, झडप आणि जंग्या ह्यांचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या सृष्टीत हा प्रश्न अनुत्तरित नव्हे, तर अविचारितच राहिला आहे.

तरीही आमचा निकाल ह्या कृतीच्या बाजूने आहे. पाणीपुरवठा ही लढाईपूर्वी, शांततेच्या दिवसांत आणि ज्यांस अद्याप गरज भासलेली नाही अशांनी करावयाची गोष्ट आहे, हे ती पुरते पटवून देते. ज्यांच्या नगरपालिका उन्हाळ्यात टँकर मोजीत बसतात, त्या वाचकांस ह्याहून अधिक भाष्याची आवश्यकता नसावी.