उंदरांचा पेपर आणि माणसांचा पेपर

पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा’ हा प्रश्न ठरलेला. रक्ताच्या कर्करोगावर काम करायचं असेल तर २०२१ चा ‘नेचर’मधला एसटीएम२४५७ चा पेपर सांगायचा मोह होतो. जरूर सांगा, पेपर चांगलाच आहे. फक्त त्याच वर्षी ‘ल्युकेमिया’ या नियतकालिकात आलेला एक कमी चमकदार पेपर शेजारी ठेवून तो वाचा.

आधी विषय. आपल्या एमआरएनएमधल्या ‘ए’ या अक्षरांपैकी काहींवर मिथाइलची एक बारीक खूण असते. ती लावणारं प्रथिन म्हणजे मेटल-थ्री. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे एएमएलच्या पेशी या प्रथिनावर फार अवलंबून असतात, हे २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. पण जनुक बंद करून पेशी मारणं वेगळं आणि पेशंटला देता येईल असा रेणू बनवणं वेगळं. केंब्रिजच्या टोनी कूझारिडीस, कॉन्स्टँटिनोस त्झेलेपिस आणि सहकाऱ्यांनी स्टॉर्म थेरप्युटिक्स या कंपनीबरोबर तो रेणू बनवला. (कूझारिडीस कंपनीचे सहसंस्थापक आहेत. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण हितसंबंधांचं निवेदन सारांशाच्या आधी वाचायची सवय लावून घ्या.)

या पेपरची खरी ताकद नियंत्रण-प्रयोगांत आहे. रेणू १६.९ नॅनोमोलर इतक्या कमी प्रमाणात मेटल-थ्रीला निम्म्यावर आणतो. इतर ४५ मिथाइलट्रान्सफरेजवर तो तपासला, तिथे परिणाम नाही. शिवाय जवळपास तशीच रचना असलेला पण निष्क्रिय असा एक जुळा रेणूही वापरला. पेशंटच्या ल्युकेमिया पेशी टोचलेले उंदीर औषधामुळे जास्त जगले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

माझा आक्षेप निरोगी पेशींबद्दलच्या भागावर आहे. निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही, हे दाखवायला नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्ताच्या मूळपेशी बशीत वाढवल्या आहेत. एएमएलचा पेशंट मात्र बहुधा साठी ओलांडलेला असतो आणि त्याची अस्थिमज्जा आधीच थकलेली असते. दुसऱ्या प्रयोगशाळांनी प्रौढ उंदरांच्या रक्तात मेटल-थ्रीचं जनुक काढून टाकलं, तेव्हा मूळपेशींची पुढची वाटचाल अडली होती. औषध थांबवता येतं, काढून टाकलेलं जनुक परत येत नाही, हा फरक मान्य. तरी विषाक्ततेची खिडकी ‘दिसते’ एवढंच म्हणता येईल. ती किती रुंद आहे, ते मोजलेलं नाही. लेखकांनी शीर्षकात ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द वापरलाय, ‘उपचार’ नाही. सांगताना तो बदलणारे आपणच.

आता दुसरा पेपर. मी गांधीबागेत राहते, त्यामुळे स्प्लायसिंग समजावताना कापडच आठवतं. ताग्यातले नको ते तुकडे कापून उरलेले जोडायचे, हे स्प्लायसिंग. आणि कात्री कुठे लावायची ते ठरवणाऱ्यांत एसएफथ्रीबी-वन हे प्रथिन येतं. एमडीएसच्या बऱ्याच पेशंटमध्ये त्यात उत्परिवर्तन असतं, माप चुकतं. अशा आधीच डळमळीत दुकानावर आणखी ताण दिला तर ते बंद पडेल, निरोगी दुकान तग धरेल, हा एचथ्रीबी-८८०० मागचा विचार. २०१८ मध्ये उंदरांत तो छान चालला होता.

मग ८४ पेशंट: ४२ एमडीएसचे, ३८ एएमएलचे, ४ सीएमएमएलचे. ठरलेल्या निकषांनुसार पूर्ण किंवा अंशतः प्रतिसाद एकालाही नाही. तीन-चतुर्थांश पेशंटना जुलाब. उंदरांतली खिडकी माणसात आल्यावर एवढीशी झाली.

पण इथे पेपर बंद करू नका. एसएफथ्रीबी-वनमध्ये मिसेन्स उत्परिवर्तन असलेल्या १५ एमडीएस पेशंटपैकी पाच जणांना रक्त चढवण्याची गरज उरली नाही. निकषांच्या रकान्यात हा प्रतिसाद दिसत नाही. गडचिरोलीहून दर काही आठवड्यांनी रक्त चढवायला नागपूरला येणाऱ्या माणसाला विचारा, आठ आठवडे न येणं म्हणजे काय. अर्थात चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे औषधामुळेच झालं असं म्हणता येत नाही. त्या पेशंटमध्ये टीएमईएम१४सी या जनुकाचे बिघडलेले ट्रान्सक्रिप्ट सुरुवातीलाच जास्त होते, हे निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पाच जणांवर उभं असलेलं निरीक्षण हा पुरावा नव्हे, पण चांगल्या प्रस्तावाची सुरुवात नक्कीच.

आणि ‘आरएनएवर काम करणारं औषध म्हणजे अगदी नवं’ असं लिहिण्याआधी आमच्या इथल्या घाऊक औषधबाजाराकडे बघा. अ‍ॅझासायटिडिनच्या १०० मिलिग्रॅमच्या कुप्या काही नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. अमेरिकेत या औषधाला २००४ मध्येच एमडीएससाठी मान्यता मिळाली. पाठ्यपुस्तकात ते ‘डीएनए मिथाइलेशन रोखणारं’ म्हणून येतं, पण पेशीत गेल्यावर त्याचा मोठा वाटा डीएनएत नाही, आरएनएत जातो. डीएनएमटी-टू हे प्रथिन नावाला डीएनएचं, प्रत्यक्षात टीआरएनएवर मिथाइल लावतं, आणि ते कामही अ‍ॅझासायटिडिन अडवतं, हे २००९ मध्ये कर्करोगाच्या पेशींत दाखवलं गेलं. त्यातला किती भाग पेशंटच्या फायद्याचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. नव्या रेणूची तुलना रिकाम्या जागेशी नाही, या कुपीशी व्हायला हवी.

एसटीएम२४५७ चं पुढे काय झालं? त्याच्या वंशातला एसटीसी-१५ हा रेणू २०२२ मध्ये माणसांत गेला, पण पहिली चाचणी घन गाठींच्या कर्करोगात झाली. उंदरांतला पुरावा होता ल्युकेमियाचा. मुलाखतीत हा पेपर सांगणार असाल तर हे स्वतःहून सांगा, कारण पुढचा प्रश्न बहुतेक तिथेच येतो.