‘आम्ही’ आणि ‘आपण’ : बॅ. नाथ पै यांच्या संसदीय वक्तृत्वाची मीमांसा

(१)

मराठीत वक्तृत्वाची समीक्षा बहुधा वक्त्याच्या आवाजापासून सुरू होते आणि श्रोत्यांच्या आठवणींपाशी येऊन थांबते. ओघवती वाणी, अमोघ शब्दकळा, भारावलेली सभा ही विशेषणे बॅरिस्टर नाथ पै यांच्या वाट्याला विपुल आली. ती अयथार्थ आहेत असे नाही. तथापि त्यांच्या योगे या वक्त्याच्या कार्याचा जो भाग सर्वाधिक टिकाऊ, तोच दृष्टीआड झाला आहे. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाच्या वतीने लोकसभेवर निवडून आले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. या सुमारे चौदा वर्षांत त्यांनी कोकणची आगगाडी, महाराष्ट्र-म्हैसूर सीमा आणि संविधानदुरुस्तीचा अधिकार असे तीन अत्यंत भिन्न वाटणारे विषय संसदेत लावून धरले. पहिला एका जिल्ह्याचा, दुसरा दोन राज्यांचा आणि तिसरा सर्व राष्ट्राचा. या तिहींना जोडणारे सूत्र कोणते, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे.

ते सूत्र विषयांत शोधून सापडणार नाही. ते बोलण्याच्या रीतीत आहे. स्थानिक गाऱ्हाण्याचे सार्वत्रिक तत्त्वात रूपांतर करणे, आणि तसे करताना मूळ गाऱ्हाणे पुसू न देणे, ही ती रीत होय.

(२)

या रीतीचे स्वरूप स्पष्ट करण्यास मराठी व्याकरणातील एक भेद उपयोगी पडतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ हे रूप श्रोत्याला वगळते. ‘आपण’ हे रूप त्याला सामावून घेते. ‘आम्ही उद्या निघणार’ असे म्हणणारा ऐकणाऱ्याला घरी ठेवतो. ‘आपण उद्या निघणार’ असे म्हणणारा त्याला बरोबर घेतो. गुजराती व तमिळ या भाषांतही असा भेद आहे. इंग्रजीत तो नाही; हिंदीतील ‘हम’ या रूपातही तो नाही.

लोकसभेचे कामकाज संविधानाच्या १२० व्या अनुच्छेदानुसार हिंदीत वा इंग्रजीत चालते. ज्या सदस्यास या दोहोंपैकी कोणतीच भाषा पुरेशी येत नाही, त्यास सभापतींच्या अनुज्ञेने मातृभाषेत बोलता येते. नाथ पै सभागृहात मुख्यतः इंग्रजीत बोलत आणि कोकणातील सभांत मराठीत. अर्थात मतदारांसमोर जो भेद एका सर्वनामाने साधतो, तो दिल्लीत सर्वनामाने साधण्याची सोय नव्हती. तेथे तो युक्तिवादाच्या रचनेनेच साधावा लागे. प्रतिनिधीची खरी कसोटी येथेच लागते. मतदारसंघात तो ‘आपण’ म्हणतो, तेव्हा त्यात मतदार असतात आणि दिल्लीचे सरकार बाहेर असते. सभागृहात उभा राहिल्यावर ते मतदारच ‘आम्ही’ होतात, आणि ज्यांचे मन वळवावयाचे ते पाचशेच्या आसपास सदस्य त्या ‘आम्ही’च्या बाहेर बसलेले असतात. जो सदस्य शेवटपर्यंत ‘आम्ही’वरच राहतो, त्याचे भाषण मागणीच्या पलीकडे जात नाही, त्यास आश्वासन मिळते आणि विषय संपतो. उलट, जो आरंभापासून केवळ राष्ट्राच्या ‘आपण’मध्येच वावरतो, त्याच्या भाषणात गाव उरत नाही.

(३)

कोकण रेल्वेचा प्रश्न या दृष्टीने सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत फसवा. सह्याद्री आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांच्या मनिऑर्डरींवर घरे चालली. किनाऱ्याची आगबोट पावसाळ्यात बंद पडे. ही दुःखे खरी होती. परंतु दुःख हा रेल्वे अंदाजपत्रकावरील चर्चेत पुरेसा युक्तिवाद ठरत नाही, कारण प्रत्येक मागास भागाजवळ स्वतःचे दुःख असतेच. नवा मार्ग उत्पन्न देईल काय, हा रेल्वे खात्याचा नेहमीचा निकष. या निकषात एक चक्र दडलेले आहे. वाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही, आणि रेल्वे नाही म्हणून वाहतूक नाही. हे चक्र दाखवून देणे म्हणजे कोकणापुरते बोलणे नव्हे. देशातील ज्या ज्या भागास हा निकष लावला जातो, त्या सर्वांच्या वतीने बोलणे होय. येथे ‘आम्ही’चे ‘आपण’ होते, आणि तरीही कोकण दृष्टीआड होत नाही. तेच त्या युक्तिवादाचे मूर्तिमंत उदाहरण ठरते.

या मागणीचे फळ नाथ पै यांना पाहावयास मिळाले नाही. त्यांच्यानंतर राजापूरचे प्रतिनिधित्व करणाऱ्या मधु दंडवते यांनी ती पुढे चालविली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. संसदीय भाषणाचे मूल्यमापन तात्कालिक फळावरून करणे किती अपुरे, याचे हे एक प्रमाण होय.

(४)

सीमाप्रश्नात हे रूपांतर अधिक कठीण होते. रेल्वे एका प्रांतास दिल्याने दुसऱ्याचे काही जात नाही. सीमेच्या वादात मात्र एकाचे ‘आम्ही’ दुसऱ्याच्या ‘आम्ही’समोर उभे राहते, आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी त्याच सभागृहात बसलेले असतात. अशा वेळी बेळगाव आमचे आहे, एवढेच म्हणणारा वक्ता टाळ्या मिळवितो, मत मिळवीत नाही. महाराष्ट्राची बाजू ज्या तत्त्वांवर मांडली गेली, ती खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही होत. त्यांचे बळ ती मराठी असण्यात नाही, कोणत्याही दोन राज्यांस लागू पडण्यात आहे. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमेसाठी ह. वि. पाटसकर यांनी खेडे हाच घटक मानला होता.

तत्त्वाचा आश्रय करणाऱ्यास तत्त्वाचे ओझेही वाहावे लागते. खेडे हा घटक मानल्यास काही गावे आपल्या बाजूची जातील, हेही मान्य करावे लागते. हे मान्य करण्याची तयारी हीच युक्तिवादाच्या प्रामाणिकपणाची खूण होय. तरीही २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मधील आपल्या अहवालात बेळगाव म्हैसूर राज्याकडेच ठेवावे असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. येथे युक्तिवाद हरला असे म्हणण्यापेक्षा, निर्णय घेणाऱ्यांनी एकच एक तत्त्व आरंभी मान्य केले नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

(५)

तिसरा विषय वरकरणी संपूर्ण राष्ट्रीय. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही. खटल्याचे मूळ पंजाबातील एका कुटुंबाच्या जमिनीत होते. नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी ३६८ व्या अनुच्छेदात दुरुस्ती सुचविणारे अशासकीय विधेयक मांडले. सरकार गप्प असता विरोधी बाकावरील एका सदस्याने हा प्रश्न उचलावा, हे भारतीय संसदेच्या इतिहासात असाधारण होते.

परंतु हा विषय खरोखरच राजापूरपासून दूर होता काय? १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या अनुसूचीत ज्या तेरा कायद्यांना संरक्षण दिले, त्यांत मुंबई राज्याचा खोतीनिर्मूलनाचा कायदा होता. गोलकनाथ निर्णयाने पूर्वीच्या दुरुस्त्यांना धक्का लावला नाही. भविष्यकाळातील दुरुस्त्यांचे दार मात्र बंद केले. खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाचे वंशज ज्याला मत देतात, त्याने त्या दाराशी उभे राहावे, यात नवल नाही. रेल्वेच्या प्रश्नात तो स्थानिकाकडून राष्ट्रीयाकडे गेला. येथे राष्ट्रीय प्रश्नाच्या तळाशी स्थानिक भूमी होती.

विधेयक संमत झाले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर ते व्यपगत झाले. त्यातील तत्त्व १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने स्वीकारले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ते अर्धे मान्य केले : संसदेस मूलभूत हक्कांतही बदल करता येईल, परंतु संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

(६)

येथे समीक्षकाने एक गंभीर आक्षेप टाळू नये. नाथ पै यांच्या भूमिकेचा पाया संसदेवरील विश्वास हा होता. संसद म्हणजे जनतेचे ‘आपण’ असे त्यांनी गृहीत धरले. पण बहुमताच्या ‘आपण’मधून अल्पमत किती सहज बाहेर पडते, हे १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात दिसून आले. त्या काळात विरोधी सदस्य तुरुंगात असता संविधानात मूलगामी फेरबदल करण्यात आले. हा अनुभव त्यांच्या वाट्याला आला नाही. तरी त्यांच्या युक्तिवादातील न्यून तो उघड करतो. संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी अनुवाद ‘आम्ही’ या शब्दाने सुरू होतो. तेथे लोक एकमेकांशी बोलत नसून सर्व सत्तांना उद्देशून बोलतात. ज्यांना ते वगळतात, त्यांत त्यांनीच निर्माण केलेली संसदही येते. लोकांचे ‘आम्ही’ आणि संसदेचे ‘आपण’ यांच्यात राहणारे हे अंतर नाथ पै यांच्या विधेयकाने पुरेसे मोजले नव्हते.

न्यून दाखविल्याने रीतीचे मोल घटत नाही. नाथ पै यांचे वक्तृत्व जर केवळ वाणीचा चमत्कार असते, तर तिच्याबरोबर ते विरले असते. लोकसभेच्या कार्यवृत्तात आवाज छापला जात नाही, टाळ्याही छापल्या जात नाहीत. उरते ती विधानांची जुळणी. मराठी समीक्षेने सभांच्या आठवणी बाजूस ठेवून या कार्यवृत्तांकडे वळणे अगत्याचे आहे. इंग्रजीत बोललेले म्हणून ते मराठीचे नव्हे, असे समजणे चूक ठरेल; कारण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद ज्याच्या मातृभाषेने त्याला शिकविला, त्यानेच तो भेद नसलेल्या भाषेत तो पाळून दाखविला आहे.